चार महिन्यांची सर्दी

एक

सत्यभामाबाईंच्या घरातून लेकाचा आवाज नाहीसा झाला, तो रविवारी सकाळी नऊच्या सुमारास.

सोमवारी अयोध्या सास्तूरहून स्कूटी घेऊन माकणीला पोचली, तेव्हा म्हातारी दारातच बसली होती. अयोध्याचा सास्तूरला एका खोलीत कॉम्प्युटर क्लास. पूर्वी एकेका बॅचला वीस-वीस जण असायचे. आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला आणि खोलीत उरल्या दहा खुर्च्या, एक पंखा आणि अयोध्या. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. तिचा फोन वाजायचा तो फॉर्म भरणाऱ्यांचा, "ताई, साइट चालंना" म्हणून. त्यामुळं काल बंगळूरहून एक अनोळखी माणूस "कोण हात लावतंय ते शोधा" म्हणाला, तेव्हा खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं होतं.

तो माणूस म्हणजे शिवराज, सत्यभामाबाईंचा एकुलता एक लेक. बाप बिराप्पा दोन वर्षांपूर्वी वारला, मेंढरं विकून टाकली आणि माकणीत म्हातारी एकटी राहिली. तिच्यासाठी शिवराजनं दिवाळीत एक प्रोग्राम करून ठेवला. बाईंना अक्षर येत नाही, म्हणून कीबोर्डावरच्या एका बटणाला त्यानं लाल टिकली चिकटवली. टिकली दाबली की त्या दिवसाचा त्याचा आवाज यायचा, "आई, उठलीस का?" म्हणून. घाईत होता, म्हणून प्रोग्राम लिहायच्या एडिटरमध्येच सगळं उघडं ठेवून तो गेला. संक्रांतीला येऊन नीट करतो म्हणाला. संक्रांत तीळगूळ खाऊन गेली, हा काही आला नाही.

"मॅडम, हे सातव्यांदा झालंय," फोनवर शिवराज वैतागला होता. "दर वेळी तास-तास फोनवर बसून मी ते चालू करून देतो. कुणीतरी मुद्दाम करतंय. कोण ते शोधा, आणि परत कधी बंद पडणार नाही असं कायमचं करून टाका."

"बघ बाई," सत्यभामाबाई आता म्हणाल्या, "म्या आपली टिकलीच दाबते. दुसऱ्या कशाला हात लावत न्हाय. दाबून दावू?"

त्यांनी टिकली दाबली. पडद्यावर काळी पट्टी आली आणि तिच्यात एक ओळ उमटली. आजच्या तारखेची फाइल सापडली नाही.

अयोध्यानं फोल्डर उघडून बघितलं. 'आई' नावाचा फोल्डर, त्याच्या आत 'आवाज', आणि त्यात तारखेवार फाइली अगदी ओळीनं. आजचीही होती. तिनं ती थेट उघडली, तर शिवराज स्पष्ट बोलला.

म्हणजे काहीच चोरीला गेलेलं नव्हतं. सगळा माल घरात असताना हा प्रोग्राम नाही म्हणत होता.

दोन

पाचच मिनिटांत तिच्या ध्यानात आलं. आपल्याकडं चूक अशीच असते, मोठी वाटते आणि हाताशी येते.

शिवराजनं प्रोग्रामला एवढंच सांगितलं होतं की 'आवाज' फोल्डरमधली फाइल उचल. कुणाच्या घरातला 'आवाज', ते सांगितलंच नव्हतं. मग प्रोग्राम आपण जिथं उभे आहोत तिथंच शोधणार. आणि तो उभा कुठं राहणार, तर एडिटरमध्ये जो फोल्डर उघडला असेल तिथं. 'आई' फोल्डर उघडला तर 'आवाज' समोरच. पण आत्ता एडिटरमध्ये त्याच्या बाहेरचा मोठा फोल्डर उघडा होता, 'कामं' नावाचा. तिथं कसला आलाय आवाज!

"म्हंजी काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मावशी, तुम्ही शेजारणीला फोनवर म्हणाला, चुलीमागच्या डब्यातलं मीठ घे. ती जर तिच्याच घरी उभी असेल, तर ती तिच्याच चुलीमागं बघणार की नाही?"

"बघंल की."

"मग तुमचं मीठ कसं सापडावं? तसं झालंय. मीठ जिथल्या तिथं आहे. बाई चुकीच्या घरात उभी केलीय कुणीतरी."

सत्यभामाबाईंनी मान हलवली आणि चहाचं बघते म्हणून आत गेल्या. कशानं चुकलं ते कळलं होतं. आता प्रश्न उरला एकच. तो बाहेरचा फोल्डर दर वेळी उघडत कोण होतं?

या घरात कॉम्प्युटरला हात लावणारी माणसं दोन. एक उत्कर्ष, बाईंचा पुतण्या, स्टँडवर मोबाइलचं दुकान असलेला. दुसरी शेजारची महेश्वरी, अंगणवाडीवाली, जी याद्या टाइप करायला इथं यायची. अयोध्यानं दोघांनाही बोलावून घेतलं.

उत्कर्ष आला तोच हात वर करून. "ताई, पहिल्यांदा म्याच केलं, कबूल आहे. डिसेंबरात माझ्या गाडीचे फोटो टाकायला बाहेरचा फोल्डर उघडला अन् तसाच ठिवला. माऊस बंद हुता, म्हणून बटणांनी उघडला. तवापसनं त्यात काकीची ती प्रोग्रामची फाइल बी उघडीच ऱ्हाती. मग शिवराजदादानं फोनवरून सांगितलं, म्या परत आतला उघडून दिला. पन त्यानंतर न्हाय. देवाशपथ न्हाय."

"मग नंतर दर वेळी दुरुस्त कोणी केलं?"

"म्याच की. दुपारी उमरग्याहून आलो की काकी बोलवायची. दादा फोनवर, काकी बाजूला, मधी म्या. दोन मिन्टाचं काम, पन दादा फोनवर असला की काकी त्येला कायबाय विचारीत बसायची. तासभर जायचा."

महेश्वरीला मात्र विचारलेलंच आवडलं नाही. "माझ्यावर घेता व्हय? म्या मंगळवार-शुक्रवारला येते, याद्या करते अन् जाते. रविवारी तर या घरात पाऊलसुद्धा ठिवत न्हाय. रविवारी मामी आमाला कुठं दारात उभं करतीत? सकाळी सकाळी न्हाऊन इरकल नेसून बसत्यात, जनू पाव्हणं येनार हायेत."

ती फणकाऱ्यानं निघून गेली. अयोध्याच्या मनात एवढंच राहिलं की रविवारी इरकल नेसून बसणाऱ्या या बाईकडं पाहुणा कोणता येत होता?

तीन

माणसं बोलून झाली की अयोध्या यंत्राला विचारायची. यंत्राला लाज नसते आणि नातंही नसतं.

प्रोग्रामला चूक झाली की तो 'चुका' नावाच्या फाइलीत तारीख-वेळ टाकून ठेवी. शिवराजनं ती फाइल 'आई' फोल्डरात बघितली असणार, आणि ती कोरी असल्यामुळं सोडून दिली असणार. शहाणा माणूस, पण इथं चुकला. कारण चूक होताना प्रोग्राम बाहेर उभा असायचा, म्हणजे चुकांची नोंदही बाहेरच पडायची.

अयोध्यानं बाहेरच्या 'कामं' फोल्डरात हात घातला. होती तिथं. आत आठ ओळी.

पहिली डिसेंबरातली, बुधवार दुपार. ती उत्कर्षची. शेवटची आजची, तिच्या डोळ्यांदेखतची. मधल्या सहा ओळींच्या तारखा तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरशी लावून बघितल्या. सहाही रविवार. सहाही वेळा नऊ ते सव्वानऊ.

रविवारी सकाळी उत्कर्ष माल आणायला उमरग्याला असतो. महेश्वरीला दारात उभं करत नाहीत. मग नऊ वाजता या घरात उरतं कोण?

छे, तिला स्वतःलाच हसू आलं. अक्षर न येणारी बाई एडिटरमधला फोल्डर बदलणार? टिकली नसती तर एक बटण सापडलं नसतं तिला.

अयोध्याची एक सवय होती. कुठलंही काम संपवायच्या आधी ती कीबोर्ड उलटा करून झटकायची आणि ब्रशनं साफ करायची. लोक हसायचे. तिनं तो उचलून तिरपा धरला, दोन ज्वारीचे दाणे पडले, आणि तिचा हात थांबला.

बटणांच्या पुढच्या उभ्या कडेला, वरून दिसणारच नाही अशा जागी, तांबडं काहीतरी लावलेलं होतं. डाव्या कोपऱ्यातल्या बटणाला बारीक आडवी रेघ. K च्या बटणाला एक ठिपका. O च्या बटणाला दोन. काडीच्या टोकानं लावल्यासारखे, नेमके.

तिनं एडिटरमध्ये आधी आतला 'आई' फोल्डर उघडून घेतला आणि रेघ दाबून धरली. मग एक ठिपका, मग दोन ठिपके. पडद्यावर खिडकी उघडली, कुठला फोल्डर उघडू म्हणून. काही न निवडता तिनं मोठं एंटर दाबलं, आणि एडिटर परत बाहेरच्या 'कामं' फोल्डरात जाऊन उभा राहिला.

अयोध्यानं मान वर केली. समोरच्या फळीवर बिराप्पाचा फोटो होता. फोटोला वाळका हार, आणि हाराशेजारी पत्र्याची एक डबी. तिनं डबी उघडली. आत काव होती, मेंढरांना खूण करायची तांबडी काव. दोन वर्षांपूर्वी मेंढरं विकलेल्या घरात ती अजून ओली होती.

चार

सत्यभामाबाई चहा घेऊन आल्या. अयोध्यानं आतला 'आई' फोल्डर परत उघडला, टिकली दाबली, आणि आवाज आला.

"आई, उठलीस का? गोळी घे वेळेवर. आणि उन्हात फिरू नकोस."

नाक चोंदलेलं होतं त्याचं. अयोध्यानं गेल्या महिन्यातली एक फाइल लावली. नाक चोंदलेलंच. डिसेंबरातली लावली. तेच. मग तिनं फाइली केव्हा तयार झाल्या ते बघितलं आणि हातातला कप खाली ठेवला. सगळ्याच्या सगळ्या एकाच दिवशी. दिवाळीच्या आदल्या रविवारी, अकरा ते चार. वर्षभराचे 'आई, उठलीस का' एका बैठकीत म्हणून मोकळा झाला होता गडी.

तिनं कीबोर्ड तिरपा करून बाईंच्या पुढं धरला.

सत्यभामाबाईंनी त्या ठिपक्यांकडं बघितलं. मग पदर तोंडाला लावून हसल्या, चोरी पकडल्यावर पोरगी हसते तशा.

"मेंढराच्या कानामागं लावायची खूण. वरनं दिसली तर चोर पुसतो, म्हणून कानामागं," त्या म्हणाल्या. "उत्कर्सानं कुठली बटणं दाबली, त्ये म्या बघितलं हुतं. तीन बटणं अन् चौथं त्ये मोठं, ध्यानात ठिवायला काय लागतं? दोनशे मेंढरं वळखत हुते म्या, एकेकीच्या नावानं."

"पण का मावशी? आवाज तर येत होता की रोज."

"त्यो आवाज व्हय?" बाईंचा चेहरा उतरला. "पोरी, पहिल्या आठवड्यात म्या त्येला उलटं बोलायचे. गोळी घेतली रं, म्हणायचे. मग वाटलं, लेकराला सर्दी झाली, काढा घे म्हणावं. म्हणाले. दुसऱ्या दिशी बी सर्दी. म्हैना झाला तरी सर्दी. आगं, चार चार म्हैनं सर्दी ऱ्हाती का कुनाला? अन् ऐन थंडीत मला म्हणतो, उन्हात फिरू नगं. तवा कळलं म्या कुनाशी बोलायले. डब्याशी बोलायले."

अयोध्यानं कीबोर्ड खाली ठेवला.

"मग उत्कर्सानं त्ये बिघडवलं अन् शिवराजाचा फोन आला. खरा. घंटाभर. मधी त्येनं इचारलं, शेळी व्याली का. पडवीला पत्रा टाकला का. नाक मोकळं हुतं त्याचं." बाईंनी डोळे पुसले. "म्या फोन लावला तर म्हणतो, मीटिंगमधी हाय, ठिव. डबा बंद पडला की मातर लगीच करतो. मग म्या डबाच बंद पाडला. चुकलं का माझं?"

अयोध्याला आपल्या खोलीतल्या दहा खुर्च्या आठवल्या.

"काल मातर त्यो दोनच मिन्टं बोलला. माणूस धाडतो म्हणाला, अन् तुला धाडलं." बाईंनी तिचा हात धरला. "त्येला सांगू नगंस. त्येला लाज वाटंल. मला बी."

"तोंडानं नाही सांगणार," अयोध्या म्हणाली. शब्द देताना माणसानं शब्द नीट निवडावेत, एवढं ती फॉर्म भरून भरून शिकली होती.

पाच

कायमची दुरुस्ती एका ओळीची होती. प्रोग्रामला 'आवाज'चा पूर्ण पत्ता द्यायचा, अमुक घर, अमुक खोली, अमुक फळी. मग तो कुठंही उभा राहो, मीठ सापडणारच. मग कावेचे ठिपके काही करू शकणार नाहीत. टिकली दाबली की चोंदलेल्या नाकाचा शिवराज पुढच्या दिवाळीपर्यंत रोज 'आई, उठलीस का' म्हणत राहील, आणि खरा शिवराज रविवारी मोकळा.

अयोध्यानं ती ओळ लिहिली. वाचली. पुसून टाकली.

बाहेर येऊन, पडवीच्या कडेला उभं राहून तिनं फोन लावला. लांब धरणाचं पाणी चमकत होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"सापडलं का?" शिवराजनं विचारलं. "उत्कर्षच ना?"

"उत्कर्ष नाही. शेजारीण पण नाही."

"मग कोण?"

"मी तोंडानं सांगणार नाही, तसा शब्द दिलाय. तुमचा प्रोग्राम चुकला की चुका फाइलीत लिहितो. तुम्ही आतली बघत होता, खरी बाहेरच्या फोल्डरात आहे. तिचा फोटो पाठवलाय, बघा. आणि एक करा. तुमच्या फोनमध्ये आईशी दहा मिनिटांच्या वर बोललात, त्या तारखा काढा. मग काल-आजच्या ओळी सोडून दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवा."

पलीकडं बोटांचा आवाज आला. मग तोही थांबला. अयोध्यानं फोन तसाच धरला.

"सगळ्या तारखा त्याच आहेत," शिवराज म्हणाला. "त्यांच्याशिवाय एक पण नाही."

"हो."

"पण तिला वाचता येत नाही, मॅडम."

"वाचता येत नाही, पण ऐकता येतं. तुमची एखादी फाइल लावून बघा. मग दुसरी लावा. तुम्हाला तेव्हा सर्दी होती."

त्यानं काहीतरी बोलायला सुरुवात केली आणि ते अर्ध्यात तुटलं. नाक ओढल्याचा आवाज आला, पण या वेळी ती सर्दी नव्हती.

"तो पक्का पत्ता टाकलात का तुम्ही?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"अजून नाही."

"नका टाकू," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

अयोध्यानं आत जाऊन पिशवी उचलली. सत्यभामाबाईंनी तिच्या हातात खव्याचा पेढा ठेवला, परत ये म्हणाल्या, आणि ती स्कूटी वळवून दिसेनाशी होईपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

मंगळवार गेला, बुधवार गेला. फोन आला तो साइट चालंना म्हणणाऱ्यांचाच. अयोध्याला वाटलं, शहाणपणा करून आपण म्हातारीचा उरलासुरला आधारही घालवला. लाज वाटून लेक आता रविवारचाही फोन करायचा नाही. शनिवारी तिनं दोनदा माकणीचा नंबर काढला आणि लावला नाही.

रविवारी सकाळी नऊला ती क्लासच्या खोलीत खुर्च्या पुसत होती. फोन वाजला. सत्यभामाबाईंचा.

"पोरी, आलाय त्यो! पहाटंच्या गाडीनं उतरला अन् घर गाठलं," बाई ओरडतच होत्या, जणू सास्तूरपर्यंत आवाज आपला आपण पोचवायचा होता. "आल्यापसनं त्या डब्याफुडं बसलाय. नीट करतो म्हणतो. म्या म्हणलं, आरं, बिघडलंय कुठं? ठिव तसंच!"

"मग काय म्हणतो?"

"म्हणतो, सगळ्या फाइली काढून टाकतो. काढ म्हणलं." मग बाईंनी आवाज एकदम खाली आणला, मोठं गुपित सांगावं तसा. "अन् ऐक. सर्दी न्हाय त्याला."

मागून पुरुषाचा मोकळा, स्वच्छ आवाज आला. "आई, चहा उकळतोय. कुणाशी बोलतीयस?"

"तुला काय करायचंय? गूळ किती घालू?"

"साखर घाल, गूळ नको."

"लहानपनी गुळाबिगर पीत नव्हतास अन् आता साखर! बंगळूरचं कौतिक मला सांगू नगं."

फोन बंद करायला म्हातारी विसरली होती. अयोध्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं, जवळची खुर्ची ओढून ती बसली, आणि पलीकडं गुळा-साखरेवरून चाललेलं भांडण शेवटपर्यंत ऐकत राहिली.